फळीवरचे दोन कॅमेरे आणि माझी आई

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझा पहिला आणि बहुधा शेवटचा थ्रीडी लघुपट पूर्ण झाला असून त्यातली एकमेव नटी माझी आई आहे.

मी शहरात, मनीषनगरात राहतो, लग्नांचे व्हिडिओ काढतो. आई नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. एसटीनं अडीच तास. शूटिंगच्या निमित्तानं मी वर्षभरानं तिकडे गेलो होतो.

गोष्ट साधी होती. मुलगा शहराला जातो, आई दारात उभी राहते. संवाद नाहीत. एका फळीवर दोन कॅमेरे, माणसाच्या दोन डोळ्यांसारखे शेजारी-शेजारी. प्रत्येक निरोपाला त्यांच्यातलं अंतर थोडं वाढवायचं, म्हणजे चित्राची खोलीही वाढते. नुसत्या त्या खोलीतून दुरावा कळावा, हा माझा हट्ट. नाही कळला तर सिनेमात उरणार काय? हात हलवणारी एक बाई!

माझ्या कॅमेरामन मित्राला हे मुळीच पटत नव्हतं. "लोकं चश्मा काहून लावतात गा? अंगावर काही आलं पाहिजे. एक संत्रं तरी फेक!"

"नाही फेकणार."

"मंग झोपतीन सारे."

आईनं झकास काम केलं. फक्त दर वेळी हात हलवता हलवता "जेवून जा" म्हणायची. शेवटच्या निरोपाला मी उत्साहाच्या भरात कॅमेरे पार फळीच्या दोन टोकांना नेले. झालं! अंतर प्रमाणाबाहेर गेलं; लॅपटॉपच्या पडद्यावर घर खेळण्यातलं वाटू लागलं आणि आई त्यातली बाहुली. "बिघडलं," मित्र म्हणाला. पुन्हा काढायला उजेड उरला नव्हता. तेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आईच्याच माजघरात, खिडक्यांना चादरी लावून खेळ झाला. जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले लाल-निळे चष्मे सगळ्या शेजाऱ्यांच्या नाकावर. आईनं तर तो आपल्या चष्म्यावरच चढवला. पहिल्या निरोपाला "उंबरठा पाहा, उंबरठा!" असा गलका. दुसऱ्याला जरा कमी. शेवटच्याला सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. मी मित्राकडे पाहिलं. तो मान खाली घालून फळी पुसत होता, जिच्यावर धूळ नव्हती.

आईनं कागदी चष्मा काढला, भिंतीवरच्या त्या चिमुकल्या दाराकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि साऱ्या गावासमोर म्हणाली,

"काहून गा, एवढं दूर हाये का माहं घर?"