कार्डावरचा फोटो

वाळूजच्या एका कारखान्यातले आम्ही चार-पाच रिटायर लोक अजून पडेगावला चहाला जमतो. कुणाच्या तब्येतीचा विषय निघाला की संपलं, विमा कार्डाचे किस्से सुरू! मी पर्सोनेलला, म्हणजे कामगारांच्या कागदपत्रांच्या खात्यात होतो, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. काही तर नको असलेलेही.

कामगार विम्याचा कायदा साधा होता. कंपनी मोठी असली की कामगारांच्या औषधपाण्याचा हप्ता तिनं भरायचा, थोडा कामगारानं. मग घरच्यांनाही उपचार फुकट. पगार ठरलेल्या मर्यादेवर गेला, की कार्ड बंद.

* * *

कार्डाला कुटुंबाचा फोटो लागायचा. सिल्लोडच्या काकडेनं लग्नातला फोटो आणला, त्यात अख्खी भावकी! मी म्हटलं, फक्त बायको, मुलं, आई-वडील. तो फोटोतल्या एकेकावर बोट ठेवत गेला.

"कुनी-कुनी आजारी पडायचं न्हाई तेवढं सांगा, सायेब. त्याला बाजूला काढतो."

* * *

दरवर्षी कापूस वेचणीला प्रेस शॉपमधली, म्हणजे पत्रा दाबायच्या खात्यातली, निम्मी माणसं आजारी पडायची. ताप, कंबरदुखी, सगळं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी एकही चिठ्ठी आली नाही. मी काकडेला विचारलं, यंदा सगळे ठणठणीत कसे?

"कापूसच न्हाई, तर आजारी कशाला पडू?"

हजेरी इतकी वाढली की मॅनेजरनं बोर्डावर कौतुक लिहिलं. मला तो बोर्ड बघवत नसे.

* * *

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी त्याच खात्यातल्या रफिकभाईला मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. त्याच्या गल्लीत टँकर येईल तेव्हा येई.

"डॉक्टरसाब, पानी भी चिठ्ठी पे लिख दो ना."

डॉक्टरांनी खरंच लिहिलं आणि कंपनीनं त्याला रोज पाण्याचा एक जार घरी न्यायची परवानगी दिली. पुढच्या आठवड्यात निम्म्या शिफ्टला मुतखडा!

* * *

इतर कंपन्यांत लोक पगारवाढ मागतात. आमच्याकडं इन्क्रिमेंटच्या वेळी माणसं हळूच येऊन म्हणत, जरा कमीच वाढवा. बिडकीनचा ढगे तर दरवर्षी यायचा. प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण सुपरवायझर व्हायला तो तयार नसे. बायकोचं, मंदाचं, डायलिसिस कार्डावर चालायचं.

मग शहर वाढत बिडकीनपर्यंत गेलं, तिकडं आमचा नवा प्लँट झाला. मालकांना वाटलं, ढगेला सरप्राइज द्यावं. हार, पेढे, सुपरवायझरचं पत्र. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ढगे गळ्यातल्या हारासकट माझ्या टेबलाशी आला.

"सायेब, मला परत खाली घ्या."

मी मालकांकडं गेलो. ते म्हणाले, माझ्या कंपनीत माणूस मागं जात नाही, आपण त्याचा चांगला मेडिक्लेम काढू. काढलाही. पण जुना आजार त्यात बसत नव्हता. काही महिन्यांनी कार्ड बंद झालं. खाजगी दवाखान्याचा खर्च बघून मंदावहिनी, बरं वाटतंय असं सांगून, डायलिसिसची मधली एक खेप चुकवू लागल्या. उन्हाळ्यात त्या गेल्या. त्या पेढ्यांची आठवण आली की मला अजून वाईट वाटतं.

* * *

पुढं सरकारनं पगाराची मर्यादा वाढवली आणि ढगे पुन्हा कायद्यात बसला. मी त्याला बोलावून सांगितलं, फोटो नवा लागेल, वहिनींचं नाव कमी करावं लागेल. त्यानं जुनं कार्ड खिशातून काढलं, बाहीनं पुसलं.

"राहू द्या तिला कार्डावर, सायेब. आता ती कुठं औषध मागती?"