पोचन्नाभाऊंची उघडी शिलाई

सिरोंच्याच्या वाचनालयात वीसएक वर्षांपूर्वी एका समारंभात एका पुस्तकाची पाने मागेपुढे निघाली, आणि चूक बांधणाऱ्याची, असे सर्वांनी धरले. ती चूक माझी होती. हे मला त्याच क्षणी कळले होते. तरी मी गप्प राहिलो. बोललो तेही त्याच्याविरुद्ध. ते पुस्तक बांधणारे पोचन्नाभाऊ गेल्याचा त्यांच्या पत्नी राजक्कांचा फोन मला चंद्रपूरला आला, तेव्हा दुःखाच्याही आधी मनात आले ते हेच, की आता सांगायचे कुणाला... आणि त्याच्या तळाशी, लिहायला लाज वाटते, थोडी सुटकाही होती. आता सांगावे लागणार नाही! त्या सुटकेने मी घाबरलो, आणि म्हणूनच हा लेख लिहितो आहे.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मराठी शिकवत असे. भाऊंचे घराणे गोदावरीत मासे धरणारे, घरात तेलुगू, आमच्याशी मात्र इकडच्या वळणाची मराठी. गुडघा अधू झाल्यावर नाव सुटली आणि जाळी विणणारे हात शाळेच्या फाटक्या पुस्तकांकडे वळले. इतर बाइंडर शिलाई कापडाखाली झाकतात. भाऊंची मुद्दाम वर दिसे. पुठ्ठ्याच्या कडेला आरीने भोके पाडून, पोळ्याचे मेण चोळलेला पांढरा दोरा ते असा खेळवत, की पुस्तकाच्या पाठीवरून कव्हरवर माशाच्या खवल्यांसारखी एकात एक गुंतलेली ओळ उमटत जाई. गाठ जाळ्याचीच. कुणी म्हणाले, "भाऊ, हे झाकाचं राह्यलं," तर ते उत्तर देत, "झाकाले का चोरी केली का मी?"

गावातल्या बायांनी सांगितलेल्या गोष्टी मी दोन वर्षे उतरवून घेतल्या होत्या. एकच प्रत, माझ्या हस्ताक्षरातली, वाचनालयाला द्यायची. आकड्यांनी पानाची शोभा जाते, या हौसेपायी मी पानांवर आकडे घातले नव्हते. आठ-आठ पानांच्या घड्या, ज्यांना भाऊ जुज म्हणत, अशी बारा जुजे झाली. एरवी ते प्रत्येक जुजाच्या पाठीवर पेन्सिलीने एकाखाली एक खूण करत; म्हणजे अक्षर न वाचताही क्रम कळे. या वेळी ते म्हणाले, "हे तं सभेत दाखवाचं पुस्तक होय. पाठ उघडी राहीन गुरुजी, खूण दिसन. तुमचे अक्षरं तं मले येत नाई. तुम्हीच एकेक हातात द्या, मी शिवत जातो."

त्यांच्या ओसरीवर आम्ही सकाळी बसलो. प्रत्येक टाका ते ओढत, बोटाने दाबत, पुन्हा ओढत. मी दोनदा विचारले, अजून किती वेळ? "लिवाले तुम्हाले दोन सालं लागले, अन् मले दोन घंटे देत नाई?" राजक्का चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घाई होती तं मशीनवर जाचं होतं गुरुजी. हा मानूस जाळं बी असाच विणे. मासे म्हातारे होऊन मरून जात." भाऊ मान वर न करता म्हणाले, "म्हातारा मासा बी हिनंच खाल्ला."

चार जुजे शिवून झाली होती. पाचव्यात राजक्कांनीच सांगितलेली एक गोष्ट होती. ती मी त्यांना वाचून दाखवू लागलो. त्या मला मध्येच अडवत, दुरुस्त करत, हसत. तेवढ्यात एक शेळी दोऱ्याला तोंड लावायला आली आणि भाऊ हातातले सोडून लंगडत तिच्यामागे धावले. ते परत येऊन बसले, तेव्हा वाचून झालेले पाचवे जुज मी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवले होते. त्यांच्या हाती सहावे दिले. पाचवे सर्वांत शेवटी शिवले गेले. शेवटची गाठ मारण्यापूर्वी त्यांनी विचारले, "एकदा पाहून घेता का गुरुजी? गाठ बसली का मंग कापूनच काढा लागते." पाहिले आहे, असे मी न पाहताच म्हणालो.

समारंभात पाहुण्यांनी कौतुकाने खवल्यांवरून बोट फिरवले आणि मधलेच एक पान उघडून वाचायला सुरुवात केली. राजाची मुलगी विहिरीत उतरली, आणि पान उलटताच मोहाच्या झाडाखाली अस्वल बसलेले निघाले. सभा हसली. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. एवढेच म्हणायचे होते की, क्रम मी लावला. मी म्हणालो, "आमच्या बाइंडरला मराठी वाचता येत नाही हो." हसू वाढले. भाऊ धुतलेला शर्ट घालून दाराशी उभे होते. तेही हसले... आणि हसता हसता त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

तीन दिवसांनी ते पाटी घेऊन घरी आले. "त्या शेळीच्या मागं धावलो ना गुरुजी, तवाच माझ्याच्यानं इकडचं तिकडं झालं. बायायची मेहनत वाया घालवली म्या. मले तुमचे अक्षरं शिकवा." तेव्हा तरी सांगायचे! मी उठलो आणि अंकलिपी काढली. पुढचे वर्षभर दर रविवारी, पन्नाशी ओलांडलेला हा माणूस, मी केलेल्या चुकीसाठी माझ्यासमोर बसून अक्षरे गिरवत होता. 'ळ' त्यांना फार आवडे. हा तं जाळ्याची गाठ होय, म्हणत. त्यांना वाचता येऊ लागले, तसे गावात माझे नाव झाले. शिलाई मात्र त्यांनी त्या समारंभानंतर कायमची कापडाखाली घातली. कारण विचारले, तर म्हणाले, "उघडी ठेवाची हिंमत नाई होत आता." माझी बदली झाली, दिवाळीला पत्रे येत राहिली, मोठ्या, गोल, माझ्या वळणाच्या अक्षरांत. प्रत्येक पत्राला मी उत्तर दिले. ते एक वाक्य एकाही उत्तरात लिहिले नाही.

शोकसभा वाचनालयातच होती. चिटणिसांनी भाऊंवर मनापासून भाषण केले. स्वतःच्या चुकीतून शिकणारा असा माणूस होणे नाही, म्हणाले. आणि त्याला शिकवणारे गुरुजी आज आपल्यात आहेत, असे म्हणून त्यांनी मला पुढे बोलावले. लोकांनी माझ्याकडे आदराने पाहिले. पहिल्या रांगेत राजक्का होत्या. मी उभा राहिलो आणि त्यांच्याकडे पाहत म्हणालो, की ती जुजे मी चुकीची दिली होती, भाऊंचा त्यात काही दोष नव्हता. माझा आवाज मुळातच लहान. त्या दिवशी तो ओठांबाहेर फारसा गेला नसावा. राजक्का माझ्याकडे पाहत राहिल्या. मग मान वळवून त्यांनी मागच्या रांगांकडे पाहिले, आणि पुन्हा माझ्याकडे.

"मागच्यायले ऐकू नाई गेलं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "त्या समारंभात सारे हसले, तवा हे मागचे बी हसले होते. जोरानं सांगा."

वर्गातही कधी काढला नव्हता, इतका मोठा आवाज मी काढला. "पुस्तक मी बिघडवलं. पोचन्नाभाऊ चुकले नव्हते. मी खोटं बोललो, आणि ते जिवंत होते तोवर खोटंच बोलत राहिलो. भाऊ, मला क्षमा करा. राजक्का, तुम्हीही करा."