वाईट बातमीला चहा

डॉक्टर शेखर लांजेवारांच्या तोंडात एक वाक्य लहानपणापासून बसलेलं होतं : 'होऊन जाईन.' वडील मारोतराव रेल्वेत गार्ड. भंडारा जिल्ह्यातून, जिथे 'होईल'ला 'होईन' म्हणतात, रायपुरात आले आणि पुरानी बस्तीत घर करून राहिले. या शहरात तर ते वाक्य हवेतच आहे. नळवाला म्हणतो हो जाएगा, शिंपी म्हणतो हो जाएगा, आणि पँट दिवाळी झाल्यावर मिळते. शेखर हुशार होता यात वाद नाही. पण तो सरकारी दवाखान्याचा अधीक्षक झाला त्यात या वाक्याचाही वाटा होता. वरच्यांनी काहीही विचारलं की 'हो जाएगा सर' म्हणणारा माणूस वरच्यांना मनापासून आवडतो.

मग महामारी आली. दुसऱ्या लाटेत एप्रिलच्या उन्हात दवाखान्याच्या व्हरांड्यातही खाटा लागल्या. ऑक्सिजनचे सिलिंडर शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यातून भरून यायचे. एके दुपारी गाडी यायला उशीर झाला, तेव्हा शेखरने स्टोअरकीपर पुष्करला विचारलं. पुष्कर म्हणाला, "हो जाएगा सर." त्याला ड्रायव्हरने तेच सांगितलं होतं. शेखरने फोनवरच्या साहेबांना तेच सांगितलं, साहेबांनी त्यांच्या साहेबांना, आणि थोड्याच वेळात राजधानीत वरपासून खालपर्यंत सगळे निश्चिंत झाले. गाडी मात्र एक्सल मोडून उरल्याच्या रस्त्यावर धूळ खात उभी होती, आणि पुष्करला हे जेवणाच्या आधीपासून माहीत होतं. 'हो जाएगा'ने माणसाला धीर मिळतो, हे मान्य आहे. ऑक्सिजन मिळत नाही.

शेजारच्या एका खासगी दवाखान्याने आपले सिलिंडर काढून दिले, म्हणून त्या दुपारी कोणी दगावलं नाही. त्यात शेखरची कर्तबगारी काडीची नव्हती, आणि ते त्यालाही कळत होतं. म्हणून तो पुष्करवर जरा जास्तच ओरडला.

"सांगितलं काहून नाही मले?"

पुष्करचं आडनाव देशकर, पण घरातलं मराठी ऐकून समजायचं आणि उत्तर हिंदीत द्यायचं, अशा पिढीतला तो. खाली मान घालून म्हणाला, "सर, पिछली बार बताया था."

मागच्या वेळी त्याने मास्क हलके आलेत म्हणून सांगितलं होतं, तेव्हा शेखरने चारचौघांत त्याला झापलं होतं : "मेरे पास प्रॉब्लम लेके मत आओ, सोल्यूशन लेके आओ." हे वाक्य शेखरने कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि ते त्याला फार आवडलं होतं. आता ते त्याला आठवलं. साहेबाला वाईट बातमी चालत नाही हे एकदा सगळ्यांना कळलं, की साहेबाच्या कानावर फक्त चांगल्याच बातम्या येतात. मग खाली काहीही चाललेलं असो.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना आवारात उभं केलं आणि सगळ्यांसमोर पुष्करची माफी मागितली. पुष्कर इतका घाबरला की आपली बदली झाली असं त्याला वाटलं. मग शेखरने दोन नियम केले. दवाखान्यात 'हो जाएगा' म्हणायचं नाही. झालं म्हणा, नाही झालं म्हणा, नाहीतर माहीत नाही म्हणा. आणि वाईट बातमी जो पहिल्यांदा आणेल, त्याला साहेबांच्या खोलीत चहा. खुर्चीवर बसवून. सरकारी नोकरीत साहेबांपुढे खुर्ची मिळणं ही काय चीज आहे, हे नोकरी केलेल्यालाच समजेल.

सुरुवातीला कोणी फिरकलं नाही. मग कलावती नावाची आया आली. खुर्चीच्या काठावर टेकून आपल्या वस्तीबद्दल म्हणाली, "साहब, हमर पारा में लोग बुखार छुपावत हें. एक बार अंदर गए, तो घरवालों को कुछ पता नहीं चलता." शेखरने चहा मागवला आणि त्या संध्याकाळपासून प्रत्येक रुग्णाच्या घरी रोज एक फोन जाऊ लागला : माणूस कसा आहे, जेवला का, काय विचारतोय. लोक आपणहून यायला लागले. पुढे तर बातम्यांची रीघ लागली. लिफ्ट बंद आहे, रेकॉर्ड रूममध्ये मांजर व्याली आहे, सिस्टरबाई चिडल्या आहेत, सगळ्याला चहा. चहाचा खर्च शेखरच्या खिशातून जायचा आणि बायको वीणा त्याला चहावाला म्हणायची.

लाट ओसरली आणि शेखरचं नाव झालं. 'नवा रायपूर' या नव्याने वसवलेल्या शहरातल्या एका संस्थेत, जिथे रस्ते रुंद आहेत आणि त्यांवर चालायला माणसं नाहीत, नव्या आरोग्य अधिकाऱ्यांपुढे त्याची व्याख्यानं होऊ लागली. विषय ठरलेला : महामारीने नेतृत्वाला काय शिकवलं. शेखर सांगायचा की बुरी खबर ऊपर तक पहुँचनी चाहिए, और गरम-गरम पहुँचनी चाहिए. संस्थेने त्याच्या पद्धतीची एक छानशी आकृती काढली. त्यात बाण होते, चौकोन होते. चहा गळून गेला होता.

एवढं सगळं झालं आणि गेल्या पावसाळ्यात मारोतरावांचे डोळे पिवळे दिसायला लागले.

तपासणी झाली. आजार यकृतात पसरलेला होता. शेखरच्या वर्गमित्राने रिपोर्ट पाहून स्पष्ट सांगितलं की आता काही करता येणार नाही, दिवाळीनंतर फार काळ नाही. शेखरने नागपूरला बहिणीला, राधिकाला, फोन लावला. ती आधी रडली, मग म्हणाली, "बाबाले सांगू नको, दादा. धसका घेतील ते." शेखर "बरं" म्हणाला. इतक्या झटकन 'बरं' त्याने आयुष्यात कशालाही म्हटलं नव्हतं.

मारोतरावांना सांगण्यात आलं की पित्त आहे. आता एकदा पित्त म्हटलं की पथ्य आलं, म्हणून तेल बंद, तिखट बंद, बाहेरचं बंद. ज्या माणसाच्या हातात एवढेच महिने उरले होते, तो खोटं खरं वाटावं म्हणून दोन्ही वेळा दुधीची भाजी खात होता. निमूटपणे खात होता, कारण पोरगा डॉक्टर आहे आणि पोरगा म्हणतो होऊन जाईन. वीणाला हे पाहवत नव्हतं. ती एकदाच म्हणाली, "बाहेर शिकवता ना लोकांना?" शेखरने पेपर उघडला.

मारोतरावांची एकच इच्छा होती आणि ती सगळ्या घराला पाठ होती. तुमसरला धाकटा भाऊ शामराव राहायचा. शेखरच्या लग्नात मानाचे फेटे बांधताना एक फेटा कमी पडला आणि नेमके शामराव, सख्खे काका, बोडक्याने उभे राहिले. "येऊनच राहिला तुझा फेटा," असं मारोतराव म्हणत राहिले, मुहूर्त टळायला आला, आणि शामराव न जेवता गाडीत बसून गेले. तेव्हापासून बोलणं बंद. आता मारोतराव रोज म्हणायचे, "बरा झालो का तुमसरला जातो. शाम्याच्या पाया पडतो, लहान आहे तरी. संपवून टाकतो एकदाचं."

"होऊन जाईन बाबा," शेखर म्हणायचा. "आधी बरे व्हा."

पावसाळ्यात मारोतराव देवळापर्यंत चालत जायचे. नवरात्रात दारापर्यंत. दिवाळीत त्यांना उठवून बसवावं लागलं.

दिवाळीनंतर शेखरचं पुन्हा व्याख्यान होतं. ते झाल्यावर एका तरुण अधिकारी बाईंनी विचारलं, "सर, आपके लिए सबसे मुश्किल बुरी खबर कौन सी थी?" शेखरने ऑक्सिजनच्या गाडीची गोष्ट पुन्हा सांगितली. टाळ्या झाल्या. गाडी चालवत तो परत निघाला, आणि त्या रुंद मोकळ्या रस्त्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण उत्तर चुकलो. खरं उत्तर घरी पलंगावर दुधी खात बसलंय. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की गाडी कडेला घ्यावी लागली.

घरी येऊन त्याने बूटही काढले नाहीत. पलंगाशी खुर्ची ओढली.

"बाबा, पित्त नाही आहे."

मारोतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. "मंग?"

शेखरने सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, औषध नाही हे सांगितलं. वीणा दारात उभी होती, ती आत आली नाही.

"मी बरा नाही होणार म्हणतो तू?"

"नाही बाबा."

"कधीपासून माहीत आहे तुले?"

"पावसाळ्यापासून."

मारोतरावांनी खिडकीकडे पाहिलं. "पावसाळ्यात तर मी चालून राहिलो होतो," ते म्हणाले. "तुमसरले जाऊन आलो असतो."

शेखर वडिलांच्या पायावर हात ठेवून लहान मुलासारखा रडला. मारोतरावांनी त्याला रडू दिलं. मग जरा वेळाने विचारलं, "आणि मंग तो दुधी काहून खाऊ घातला रे मले?"

वीणा स्वयंपाकघरात गेली आणि तिने कढई चढवली. त्या संध्याकाळी मारोतरावांनी कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा एक तुकडा खाल्ला. जास्त गेला नाही.

त्याच रात्री शेखरने स्वतः तुमसरला फोन लावला. शामकाकांचा आवाज त्याने इतक्या वर्षांनी ऐकला. त्याने आपलं नाव सांगितलं, आणि मध्ये श्वासही न घेता पुढचं : "काका, बाबा फार आजारी आहेत. बरे नाही होणार. त्यांना तुम्हाले भेटायचं आहे, पण आता येणं होत नाही त्यांच्याच्यानं."

शामकाका म्हणाले, "सकाळची गाडी आहे का अजून? का बंद केली?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. हातात पिशवी, दाढी वाढलेली. शेखरने धरून आत नेलं. मारोतरावांना उशांना टेकवून बसवलं होतं. शामराव पलंगाशी उभे राहिले. भावाचे हात, गाल, छाती पाहत राहिले. एवढा वाळलेला माणूस त्यांनी ओळखला की नाही, हे काही क्षण शेखरला कळेना. मग ते तिथेच जमिनीवर बसले आणि भावाचा हात धरला.

मारोतरावांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "इतक्या उशिरा काहून आला रे शाम्या?"

"मले कालच सांगितलं, दादा."

मारोतरावांनी मान हलवली.

"मलेही," ते म्हणाले.