बोली एकापासून

लोकांच्या घरातल्या नको झालेल्या वस्तू ऑनलाइन लिलावात विकून देणं हा तिचा धंदा होता, आणि त्या धंद्यापायी तिला माणसांचा वीट आला होता. वस्तूंचा नाही, वस्तू बिचाऱ्या गप्प असतात. मिक्सरच्या भांड्याच्या तळाशी कधीकाळचं वाटण वाळून खडंग झालेलं असायचं, झाकणाचं रबर काळं पडलेलं असायचं, आणि घेऊन आलेली बाई शांतपणे सांगायची, फारसा वापरलेलाच नाही. सोफ्याच्या फटीत बोट घातलं की केस, नखं आणि बिस्किटांचा चुरा. एक गृहस्थ तर वडिलांची कवळी ठेवायची चांदीची डबी घेऊन आला आणि आत कवळी तशीच. तिने ती चिमट्याने उचलून त्याच्यापुढे धरली, तर म्हणाला, तिचेही काही येत असले तर बघा.

तळमजल्यावर तिच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत लोखंडी मांडणी, फोटो काढायला भिंतीवर ताणलेली पांढरी चादर, वजनकाटा आणि खोक्यांची चळत. आतल्या खोलीत ती एकटी राहायची. मधल्या दारापाशी जंतुनाशकाची बाटली आणि रबरी हातमोजे. ते हातमोजे घातल्याशिवाय ती कुणाच्याही वस्तूला शिवत नसे, आणि समोरच्याला ते दिसेल असं मुद्दाम वागत असे.

गल्लीत तिला सगळे एकवाली म्हणत, कारण वस्तू कोणतीही असो, बोली ती एका रुपयापासून सुरू करायची. त्यावरून रोज हुज्जत. माणूस वस्तू आणतो तेव्हा त्याच्या डोक्यात एक आकडा असतो, आणि त्या आकड्यात त्याचं लग्न, पहिली नोकरी, आईचं आजारपण असं सगळं धरलेलं असतं. तीन हजारांपासून लावा, आठवणी आहेत हो त्यात. ती म्हणायची, आठवणी काढून घ्या आणि उरेल ते मला द्या. तीन हजारांपासून लावलेल्या वस्तूकडे आठ दिवस कुणी ढुंकून बघत नाही हे तिला ठाऊक होतं. एकापासून लावली की वीसजण टपून बसतात. एकदा बोली लावली की माणसाने मनातल्या मनात ती वस्तू घरी नेऊन ठेवलेली असते. मग वरून दुसऱ्याची बोली आली की आपल्याच घरातून कुणी पळवून नेतंय असं वाटून तो चवताळतो. शेवटच्या पाच मिनिटांत आकडे उड्या मारायला लागले की तिचं पोट भरायचं आणि तेव्हाच तिला मळमळायचंही.

या सगळ्या घाणीत तिने एक गोष्ट जपली होती. ती खोटं बोलत नसे. ओरखडा असेल तर ओरखड्याचा फोटो, वास येत असेल तर वास येतो असं सरळ लिहायची. आणि खोटी बोली तिच्याकडे चालत नसे. खोटी बोली म्हणजे विकणाऱ्यानेच आपल्या भाच्याला नाहीतर शेजाऱ्याला गिऱ्हाईक म्हणून बसवायचं आणि भाव चढवायचा. असलं कुणी सापडलं की ती त्याला ब्लॉक करून टाकायची, त्याच्या सगळ्या बोल्या पुसायची आणि पुन्हा दारात उभं करायची नाही. अशा हकालपट्टी झालेल्यांत तिची मावसबहीणही होती.

एकवालीकडे एक दिवस तिचा थोरला भाऊ आत्याची विणकामाची मशीन घेऊन आला.

आत्याने लग्न केलं नाही. चाळीस वर्षं तिने त्या मशीनवर शाळांचे स्वेटर विणले, आणि या दोघा भावंडांच्या फिया त्या स्वेटरांतूनच गेल्या. आता पंच्याहत्तरी आली, जिना चढवेना, म्हणून भावाने तिला आपल्या घरी आणलं होतं आणि एक लहानशी खोली दिली होती. खोलीत पलंग मावला, मशीन मावेना. शिवाय ती खडखडते आणि वहिनीचं डोकं चढतं. आत्याला विचारलंस का, असं एकवालीने विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, विचारायचंय काय, या वयात तिला कुठे विणायचंय. तिने स्वतः आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, तुझा दादा म्हणतो ते बरोबरच आहे गं, जागा कुठे आहे. विषय तिथेच मिटला.

भावाला चाळीस हजारांपासून बोली हवी होती. एक म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, आणि मग लगेच उजळला. आमचा मेहुणा घरी बसूनच असतो, त्याला सांगतो, हळूहळू भाव चढवेल, सगळेच करतात.

"माझ्याकडे खोटी बोली आली तर ही मशीन तुझ्या दिवाणखान्यात आणून टाकीन," ती म्हणाली.

भाऊ दोन्ही हात वर करून हसला. ते हसणं तिच्या डोक्यात गेलं.

मशीन मात्र तिला आवडली. एका रांगेत दोनशे सुया, एकही वाकडी नाही. तेल घातलेलं, धूळ पुसलेली, वर स्वच्छ कापडाचं आवरण. खाचेत कुठेतरी निळ्या लोकरीचे दोन तंतू अडकले होते. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तिने हातमोजे काढून काम केलं. निदान या एका विक्रीला कुणाचा घाणेरडा हात लागू द्यायचा नाही आणि पैसे भावाच्या हातून न जाता थेट आत्याच्या हातात द्यायचे, असं तिने ठरवून टाकलं आणि आत्याला तसं कळवलंही. आत्याचं ऋण दुसऱ्या कुठल्या मार्गाने फिटणारं नव्हतं.

सोमवारी बोली लागली, एकापासून, रविवारी दुपारी चारला संपणारी. आणि मंगळवारपासून एक खातं दिसायला लागलं. कोरं करकरीत. आधीची एकही खरेदी नाही, नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे. कुणीही बोली लावली की पाच मिनिटांत त्याच्यावर या खात्याची बोली, अगदी लहानात लहान पायरी चढून. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. आठ हजार, नऊ हजार, शनिवारी सकाळी अकरा हजार. या धंद्यात खरं गिऱ्हाईक शेवटच्या मिनिटापर्यंत दबा धरून बसतं. पहिल्या दिवसापासून असा वरवर चढत जाणारा एक तर अडाणी असतो, नाहीतर विकणाऱ्याचा माणूस. अडाणी गिऱ्हाईक तिने फारसं पाहिलं नव्हतं.

भावाचा मेहुणा कामाला लागला, हे तिने ओळखलं. आत्याच्या मशीनवरसुद्धा यांनी हात मारायचा सोडला नाही. भावाला फोन करून विचारावं असं एकदा मनात आलं. पण विचारलं असतं तर त्याने पोरांच्या शपथा घेतल्या असत्या, आणि त्या तिला ऐकायच्या नव्हत्या. शनिवारी दुपारी तिने ते खातं ब्लॉक केलं. त्याच्या आणि त्यांच्यावर चढलेल्या दुसऱ्यांच्या बोल्याही पुसल्या गेल्या, बिचकलेली गिऱ्हाइकं मागे हटली आणि भाव घसरून दोन हजारांवर आला. पडला तर पडू दे. साबणाने हात धुऊन झाल्यासारखं तिला बरं वाटलं.

रविवारी चार वाजता मशीन साडेसहा हजारांना गेली. सोमवारी घेणारा टेम्पो घेऊन आला. मोज्यांचा लहानसा कारखाना चालवणारा माणूस, पान खाऊन ओठांच्या कडा लाल झालेल्या. त्याच्याकडे अशा दोन मशिनी होत्या आणि त्यांना जुन्या बनावटीच्या सुया मिळत नव्हत्या. सुया काढून घेतो, बाकी सांगाडा भंगारात, असं त्याने टेम्पोत दोरी आवळता आवळता सांगितलं. तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना. पण विकली ती विकली, आणि व्यवहार तरी स्वच्छ झाला होता.

मंगळवारी दुपारी ती पैशांचं पाकीट घेऊन भावाच्या घरी गेली. भाऊ कामावर होता, वहिनी झोपली होती. आत्या पलंगावर बसली होती, हातात फोन. पाकीट तिने न उघडताच उशीखाली सारलं, उठून दार लोटून घेतलं आणि फोन भाचीपुढे धरला.

"तुला यातलं कळतं म्हणून विचारते. दादाला बोलू नकोस."

फोनवर लिलावाचं पान होतं आणि वरच्या कोपऱ्यात खात्याचं नाव. नुसती अक्षरं आणि आकडे. एकवालीने ते दोनदा वाचलं.

मग आत्याने सगळं सांगितलं. जुन्या घराच्या खाली, तळमजल्यावर एक नर्स राहते, तिची मागची खोली रिकामी आहे. मशीन तिथे ठेव आणि दुपारी येऊन विणत बस, असं ती म्हणाली होती. घरात सांगितलं असतं तर तुम्हा भावंडांचं वाजलं असतं, म्हणून आत्याने परक्यासारखी गुपचूप विकत घ्यायचं ठरवलं. खातं नर्सने काढून दिलं. पैशाची भीती नव्हती, कारण ते फिरून आत्याकडेच येणार होते.

"आणि तू एकापासून लावलीस ना, म्हटलं मग आपल्यालाही जमेल. मी तर फोन खाली ठेवतच नव्हते. कुणी पुढे गेलं की मी लगेच त्याच्या पुढे." आत्या थोडी हसली, मग थांबली. "पण शनिवारी दुपारी काय झालं कोण जाणे. तुम्हाला बोली लावता येणार नाही, एवढंच येतंय. नर्सने तीनदा करून बघितलं. माझं काय चुकलं गं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. आत्या चष्मा पुसत उत्तराची वाट बघत होती.

"कधीकधी बिघाड होतो, आत्या," एकवाली म्हणाली. "त्यांच्याकडचाच दोष. तुझं काही चुकलं नाही."

आत्याचे खांदे सैल पडले. "मग असू दे. नर्स म्हणत होती, कुणीतरी मुद्दाम काढलं असेल. मी म्हटलं, थांब, आमची पोर आली की तिलाच विचारू, ती खोटं सांगायची नाही."

एकवालीला स्वतःची इतकी शिसारी आली की तिथून उठून जावंसं वाटलं, पण आत्याने तिचा हात धरून ठेवला होता.

"ज्याने नेली तो विणतो ना तिच्यावर?" आत्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "दिवसभर."