कालिंदीवन्संची वास्तुशांत

माझ्या नणंदेनं, कालिंदीवन्संनी, कलकत्त्याच्या कडेच्या बेहाला भागात स्वतःच्या कमाईवर दोन खोल्या बांधल्या ते साल होतं त्रेपन्न. कलकत्त्याच्या इस्पितळात त्या नर्स. दिवसपाळी संपली की ट्राम धरून बेहाला गाठायच्या, गवंड्याच्या डोक्यावर उभ्या राहायच्या. रात्रपाळी असली तर झोप बाजूला ठेवून जायच्या. "एक खोली मला, एक भाड्यानं. म्हातारपणी कुणाच्या दारात जायला नको," एवढंच त्यांचं म्हणणं.

तेवढ्यानंही कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळींना पोटशूळ! नर्स म्हटलं की हीच मंडळी नाकं मुरडायची, वन्संच्या लग्नाच्या वयात एकानंही त्यांना मागणी घातली नाही. आणि वास्तुशांतीच्या जेवणाला मात्र सगळी हजर, पोराबाळांसकट.

भटजी म्हणाले, पूजेला जोडपंच हवं, एकटी बाई चालायची नाही. झालं! आमचे हे, श्यामराव, वन्संचे थोरले भाऊ, सोवळं नेसून तयारच. बांधकाम चालू असताना एकदा फिरकले नव्हते हो! वर पाहुण्यांसमोर म्हणतात कसे, "पूजा मीच करतोय, तर उद्या कागदही माझ्याच नावावर करून घेतो. बाईमाणसाला भाडेकरू कुठले झेपायला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. वन्सं दाराशी उभ्या, स्वतःच्याच घरात परक्यासारख्या. शालू नेसून पाटावर बसले होते मी, आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पूजा सुरू होणार एवढ्यात समोरच्या झोपड्यांतून एक माणूस धावत आला. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली माणसं राहायची तिथं. त्याची बायको अडली होती. "दिदी, दिदी" करत तो वन्संच्या पायाशीच बसला. वन्सं पळाल्या, आणि थोड्या वेळानं तिला खाटेवर घालून सरळ पूजा मांडलेल्या नव्या घरातच घेऊन आल्या. झोपडीत उजेड नव्हता, वळायला जागा नव्हती.

"अगं, पूजा मांडलीय! इथं बाळंतपण? विटाळ होईल!" हे ओरडले.

"दादा, पाट उचल."

"कालिंदी, आज या घरचा यजमान मी आहे."

"जमीन माझी, विटा माझ्या, मग यजमान तू कुठला? ज्याला विटाळ होतो त्यानं अंगणात जावं. वहिनी, पाणी तापवा."

अहो, मी उठले! शालूचा पदर खोचला, नैवेद्याचं वरण चुलीवरून उतरवलं आणि पाण्याचं पातेलं चढवलं. "सरला!" हे गरजले. म्हटलं, गरजा खुशाल.

मुलगी झाली. भटजी पळीपंचपात्र घेऊन केव्हाच पसार झाले होते, पाहुणे न जेवताच गेले. बरं झालं. वरणभात झोपड्यांतल्या लोकांनी पोटभर खाल्ला, आणि बाळंतीण हिंडूफिरू लागेपर्यंत तिथंच राहिली.

पुढं वन्संनी भटजींना निरोप धाडला, मला एकटीला पूजेला बसू देणार असाल तर या. ते काही आले नाहीत.

आमच्या ह्यांनी तर महिनाभर तोंड फुगवलं. मग एके दिवशी जेवताना मला ऐकवतात, "असल्या विटाळलेल्या, वास्तुशांत न झालेल्या घराचा कागद माझ्या नावावर नकोच मला!"

नको? अहो, देतंय कोण तुम्हाला!