चाललं म्हणाले की भाऊजी गेम बंद करतात

व्हिडिओ गेमसाठी आयुष्य वाहिलेला आणि तरीही एकही गेम धड न खेळलेला माणूस सबंध छत्तीसगडात एकच आहे, आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे. हे मी विचार करून लिहिते आहे. भाऊजींपेक्षा जास्त कोणी वाहिलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्यांच्यापेक्षा कमी कोणी खेळलं असेल हे तर शक्यच नाही.

त्याचं असं आहे की भाऊजींच्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स आहे, आणि बहुतेक गेम विंडोजसाठी लिहिलेले असतात. ते लिनक्सवर चालवायचे म्हणजे आधी त्यांची समजूत घालावी लागते. ही समजूत घालणं हाच भाऊजींचा खेळ. हथखोजच्या एका छोट्या कारखान्यात ते ऑफिसातले कॉम्प्युटर आणि प्रिंटर चालू ठेवायचं काम करतात. संध्याकाळी कँप-१ वस्तीतल्या आपल्या घरी आले की हातपाय धुतात, ताईचं शिलाई मशीन आणि पलंग यांच्या मधल्या फटीत बसतात आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी टाइप करू लागतात. यात कधीकधी आठवडे जातात. मग एके दिवशी गेम सुरू होतो. डोंगर दिसतात, किल्ला दिसतो, तलवार घेतलेला एक घोडेस्वार दिसतो. भाऊजी घोडेस्वाराकडे बघत नाहीत. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, सेकंदाला किती चित्रं उमटतात ते सांगणारा, त्याच्याकडे बघतात. घोडा चार पावलं टाकतो, आकडा जागचा हलत नाही, भाऊजी म्हणतात, "चाललं," आणि गेम बंद करतात. तो घोडेस्वार कुठे निघाला होता आणि कोणाशी लढणार होता, हे आमच्या घरात आजवर कोणाला कळलेलं नाही. ताई एकदा वैतागून म्हणाली, "अहो, हे म्हणजे दिवसभर पुरण वाटायचं अन् पोळी तव्यावर फुगली की गॅस बंद करून झोपायचं." भाऊजींनी शांतपणे विचार केला आणि म्हणाले, "पण फुगली ना?"

कोणता गेम लिनक्सवर कितपत चालतो याचे अहवाल लिहिण्याची इंटरनेटवर एक जागा आहे. काही न करता चालला तर प्लॅटिनम, थोड्या खटपटीने चालला तर गोल्ड, मग सिल्व्हर, ब्राँझ, आणि मुळीच चालला नाही तर मोडका. भाऊजी तिथे नेमाने अहवाल लिहितात, आणि त्या सवयीने माणसांनाही दर्जे देतात. समोरच्या घरातल्या काकू प्लॅटिनम. ताई गोल्ड, कारण "सुरुवातीला सेटिंग करावी लागली". आमची मोठी मावशी ब्राँझ, कारण ती लग्नकार्यात ऐन जेवणाच्या वेळी रुसून बंद पडते. यात टिंगल नसते. मावशीने एका लग्नात स्वतः विचारलं तेव्हाही त्यांनी ब्राँझच सांगितलं आणि वर धीर दिला की पुष्कळ जुने गेम ब्राँझ असतात आणि तरी लोक ते टाकून देत नाहीत. मावशी त्या लग्नात पुन्हा एकदा बंद पडली.

ऑनलाइन गेमशी मात्र त्यांचं वाकडं आहे. त्यातल्या काही गेमच्या दाराशी एक पहारेकरी प्रोग्राम असतो. खेळणारा लबाडी तर करत नाही ना, हे तो तपासतो. लिनक्स दिसलं की त्याला संशय येतो आणि तो माणसाला बाहेर काढतो. भाऊजींना असं एकदा काढलं. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. "मी कधी खेळलोच नाही यार," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "त लबाडी करीन कवा?"

माझ्यावर त्यांचे उपकारही आहेत. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. पहिल्याच वर्षी वर्गासमोर उभं राहून बोलायचं होतं, आणि मी दोन वाक्यं बोलून जी थांबले ती थांबलेच. घरी येऊन रडत होते तेव्हा भाऊजी म्हणाले, "काय व, नवा गेम पहिल्यांदा चालवला की काय होते? प्रत्येक नवीन दृश्याले अटकते. कावून? का त्या चित्राचे शेडर तवाच बनून राहिले असतात. एकदा बनले की जमा होतात. दुसऱ्यांदा त्याच रस्त्यानं जा, नाही अटकत." शेडर म्हणजे चित्रावर उजेड, सावली, रंग कसा पडावा याची सूचना, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की अडखळणं हा बिघाड नाही. पुढच्या वेळी मी पाच वाक्यं बोलले.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय भाऊजींची गोष्ट पुरी होत नाही. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये लोको चालवायचे. ब्लास्ट फर्नेसमधून निघालेलं लालभडक पातळ लोखंड ज्या मोठ्या लेडलमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पात्रांत, भरतात, त्या ओढून नेणारं इंजिन. आम्ही विदर्भातून आलेली बौद्ध माणसं. भाऊजी दुर्गच्या जुन्या मराठी हिंदू घरातले. त्यांच्या घरी आमची जात आडवी आली. तेव्हा ताई आणि भाऊजींनी कोणाला न सांगता कोर्टात सह्या केल्या आणि गळ्यात हार घालून सरळ आमच्या हुडको कॉलनीतल्या दारात येऊन उभे राहिले. बाबांनी दार उघडलं, दोघांना आत घेतलं, आईला ताटं वाढायला सांगितली. आणि त्या दिवसापासून ते भाऊजींशी एक शब्द बोलले नाहीत. राग कशाचा हे त्यांनी कधी सांगितलं नाही. जातीचा नव्हता, एवढं मला नक्की माहीत आहे.

बोलत नसत म्हणजे भाऊजी यायचे नाहीत असं नाही. दर रविवारी यायचे, बाबांच्या समोरच्याच खुर्चीवर बसायचे, आणि सगळं बोलणं माझ्यामार्फत व्हायचं. बाबा म्हणायचे, "पोरी, त्याले म्हण, चपला दारात कावून काढल्या? लोकं पडतीन ना!" हात लांबवला तर बाबांचा गुडघा भाऊजींना लागेल एवढं अंतर. मी वळून म्हणायची, "भाऊजी, बाबा म्हणतात, चपला जरा बाजूला ठेवता का?" भाऊजी म्हणायचे, "त्यांना सांग, ठेवतो." मी वळायची, "बाबा, ठेवते म्हणते." शब्द जसेच्या तसे पोचवायचे नाहीत, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप जमत गेलं.

गेम लिनक्सवर चालतो तरी कसा, हे मी एकदा भाऊजींना विचारलं. त्यांनी जरा इकडेतिकडे पाहिलं. "गेमले वाटते समोर विंडोज बसली हाय. तो म्हणते, खिडकी उघड, आवाज दे. लिनक्सले ते काही समजत नाही. मधात प्रोटॉन नावाचं एक साधन बसलं हाय. ते गेमचं बोलणं ऐकते अन् लिनक्सले त्याच्या भाषेत सांगते. चित्र काढायची ऑर्डर विंडोजच्या डायरेक्ट-एक्समधी आली त तिची लिनक्सले समजणाऱ्या वल्कनमधी करून देते. गेमले शेवटपर्यंत समजत नाही का समोर कोणी दुसरंच हाय." मी म्हटलं, हे फार कठीण असेल. भाऊजी म्हणाले, "तू दर रविवारी करतेस ना." मग घाईघाईने चहा पिऊ लागले.

भाऊजींच्या मनात काय होतं ते मला तेव्हा नीट दिसलं. बाबांनी आपल्याला एकदा तरी हाक मारावी, मग ती रागाची का असेना, एवढंच त्यांना हवं होतं. ताई म्हणते, ते झोपेत सुद्धा कूस बदलताना "हो बाबा" म्हणतात.

बाबा रिटायर झाले आणि घरात गप्प बसू लागले. पेपर उलटा धरलाय हेही त्यांच्या लक्षात यायचं नाही. मी हे भाऊजींना फोनवर सांगितलं, सहज. त्यानंतर कित्येक रविवार भाऊजी आले नाहीत. आले ते एका दुपारी, स्कूटरवर ताईला मागे बसवून आणि तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर देऊन.

"पोरी, त्याले इचार, हे माह्या घरात कावून आणलं?"

"भाऊजी, बाबा विचारतात, हे काय आहे?"

"त्यांना सांग, रेल्वेगाडी हाय."

"बाबा, गाडी हाय म्हणते."

बाबांनी पेपर उघडला. या वेळी सरळ.

तो रेल्वे चालवायचा गेम होता, जुना, फक्त विंडोजचा, आणि अहवालांच्या जागी त्याला मोडका ठरवलेलं होतं. भाऊजींनी तो कसा चालवला हे त्यांनी मला सांगितलं, पण मला समजलं नाही. पडद्यावर इंजिनाची केबिन आली, समोर रूळ, दोन्हीकडे झाडं. भाऊजींनी गाडी सोडली. सवयीप्रमाणे त्यांनी आता "चाललं" म्हणून बंद करायला हवं होतं. पण बाबा पेपराच्या वरून बघत होते, म्हणून त्यांनी बंद केलं नाही. आणि इथेच घोटाळा झाला. भाऊजींना गेम चालू करता येतो. पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक नाही, कारण तिथवर ते कधी गेलेलेच नाहीत. ते कोपऱ्यातला आकडा बघत होते. आकडा छान होता. गाडीचा वेग वाढत होता आणि समोर लाल सिग्नल आला.

"अरे ब्रेक मार ना बे!" बाबा पेपर टाकून ओरडले. "सिग्नल लाल हाय! आकडा काय पाहून राहिला!"

भाऊजींनी ब्रेक मारला नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली.

आणि मी, काय सांगू, इतक्या वर्षांची सवय, म्हणाले, "भाऊजी, बाबा म्हणतात, जरा ब्रेक लावता का? सिग्नल लाल आहे."

तोवर गाडी सिग्नल ओलांडून गेली होती. पडदा थांबला आणि त्यावर काहीतरी अपमानकारक लिहून आलं. स्वयंपाकघरातून ताई लाटणं घेऊन बाहेर आली. बाबा उभे होते. "ऊठ," ते म्हणाले. "सरक तिकडं." भाऊजी सरकले. बाबा बसले, चष्मा पुसला, दोन्ही हात कीबोर्डवर पालथे ठेवले, आणि मान न वळवता विचारलं, "याचा हॉर्न कुठं हाय?"

भाऊजींनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं होतं, पण ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की शब्द आला नाही. मग भाऊजी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "ते लांब बटन हाय ना, बाबा. ते दाबा."

बाबांनी हॉर्न वाजवला. समोर काही नव्हतं तरी पुन्हा वाजवला. मग लेडल ओढायच्या संथ वेगाने त्यांनी ती गाडी शेवटच्या स्टेशनपर्यंत नेली. उशीर झाला म्हणून गेमने फारच कमी गुण दिले. भाऊजी म्हणाले, "बाबा, ही प्रवासी गाडी हाय, जरा जोरात न्यायची असते." बाबा भडकले, "त मग! आत माणसं हायेत ना!" भाऊजी पडद्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं. "हे संपते पण?" त्यांनी ताईला विचारलं.

मी आता रायपूरला होस्टेलवर असते. सुट्टीत घरी येते तेव्हा ते दोघं पडद्यासमोर खुर्च्या लावून बसलेले असतात आणि सारखे भांडत असतात. बाबा म्हणतात, "मधातच अटकते हे तुहं लिनक्स, विंडोज टाक." भाऊजी म्हणतात, विंडोज सोडून काहीही मागा. माझ्याकडे कोणी वळून बघत नाही. आधी आधी मला जरा चुकल्यासारखं वाटायचं. मी पाण्याचा पेला घेऊन उगीच त्यांच्यामागे उभी राहायची.

मागच्या सुट्टीत मी चहा घेऊन येत होते. गाडी भाऊजी चालवत होते, बाबा शेजारी बसले होते. बाबा पडद्याकडेच बघत म्हणाले, "मले सांगतलं असतं त मी आलो असतो. साक्षीदार लागते ना कोर्टात."

मी दारातच थांबले. मनातल्या मनात ते वाक्य मऊ करायला घेतलं, पण त्यात मऊ करण्यासारखं काही सापडलं नाही. भाऊजींचा हात बटनावर तसाच होता. पुष्कळ झाडं मागे गेली.

"भेव वाटला, बाबा," ते म्हणाले.

"हं." बाबांनी चष्मा वर सरकवला. "पुढं वळण हाय. हळू घे."

भाऊजींनी गाडी हळू केली. ती कुठवर गेली ते मी पाहिलं नाही. कप गार व्हायला लागले होते. ते पुन्हा गरम करायला मी आत घेऊन गेले.