चौदा-दहाची गाडी

धामणगावच्या नत्थुजींचा कापसाचा व्यापार होता. त्यांच्या ट्रकवर बुधाजी दहा वर्षं ड्रायव्हर होता.

छप्पनच्या ऑक्टोबरात, चौदा तारखेला, त्यानं बायको चतुराबाईसोबत नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आल्यावर ट्रक पुसता पुसता नंबराच्या पाटीवर त्याचा हात थांबला. १४१०. पाच वर्षं रोज पाहिलेला आकडा. त्यानं चतुराबाईला बोलावलं. "वाच बरं."

ती नुकतीच आकडे शिकत होती. "चौदा... दहा," ती म्हणाली आणि पाटीपुढं खालीच बसली.

एकसष्टमध्ये नत्थुजींनी नवा ट्रक घेतला. जुना बुधाजीनं विकत मागितला, त्यांनी होकार दिला. नाव बदलायला दोघं अमरावतीच्या मोटार कार्यालयात गेले. खिडकीशी पोचताच नत्थुजी कारकुनाला म्हणाले, "गाडी याच्या नावानं करा. पन नंबर मले नव्या गाडीवर पाहिजे. लय लाभला तो. फी काय असन ते सांगा."

हे बुधाजीला आधी कोणी बोललंच नव्हतं.

कारकुनानं नियमांचं पुस्तक काढलं. बुधाजी खिडकीचे गज धरून त्याला एकेक पान उलटताना पाहत राहिला.

"मालकाचं नाव बदलायची फी आहे," कारकून म्हणाला. "नंबर दुसऱ्या गाडीवर न्यायची नाही. नंबर गाडीसोबतच जातो."

"दुप्पट घ्या."

"घेईन, पण पावती कशाची फाडू?"

नत्थुजींनी वळून पाहिलं, तर बुधाजीचा चेहरा फुललेला. "काहून रे, तुले काय झालं?"

"मालक, चौदा ऑक्टोबरले आमी दीक्षा घेतली. चौदा, दहा. मी गाडी नाही, हा नंबर घेऊन राहिलो."

"पाच वर्षं माह्याच गाडीत बसून हे मले सांगितलं नाही?"

"सांगतलं असतं तर तुमी गाडी इकली नसती."

नत्थुजी खो खो हसले आणि त्यांनी कागदावर सही ठोकली. नाव बदलायची फी बुधाजीनं भरली.

बुधाजी गाडी घेऊन धामणगावात आला, तर चतुराबाई रस्त्यावरच उभी होती. ड्रायव्हरची बायको असून ती कधी केबिनमध्ये चढली नव्हती. आज चढली, हॉर्नवर हात ठेवला आणि वस्ती ओलांडेपर्यंत काढलाच नाही.